गाडी मुलाची, डबे तुमचे

प्रश्न : इंदूरला लोकमान्य नगरात मी घरगुती डबे पुरवते. डबे पोचवणारा मुलगा पगारी आहे. मोटरसायकल त्याची, पेट्रोल मी देते. रिकामे डबे घेऊन परतताना तो बहिणीकडे म्हणून अन्नपूर्णा रोडकडे वळला आणि त्याच्या धडकेने एका गृहस्थांचा पाय मोडला. त्यांच्या वकिलांची नोटीस मला आली आहे. ‘तो माझा नोकरच नाही’ असं कळवू का?

उत्तर : ताई, असं मुळीच कळवू नका. पगार तुम्ही देता, हे गिऱ्हाइकंसुद्धा सांगतील. एक खोटं विधान उघडं पडलं की तुमच्या खऱ्या मुद्द्यांवरही कोर्ट विश्वास ठेवत नाही.

गाडी तुमच्या नावावर नाही, एवढ्याने सुटका होत नाही. नोकराने मालकाच्या कामात हयगय केली, तर मालकाची स्वतःची चूक नसतानाही भरपाई मालकाकडे मागता येते. खरा वाद त्या वळशाचा आहे. १९६६ साली सुप्रीम कोर्टाने एका टॅक्सीमालकाला मोकळं केलं. ड्रायव्हरने लायसन्सच्या चाचणीसाठी गाडी दुसऱ्याच्या हाती दिली होती आणि मालकाच्या धंद्याशी त्याचा संबंध नव्हता. उलट नागपूरहून पांढुर्ण्याला जाणारी मोटार झाडावर आदळली, गाडी एका जिनिंग कंपनीचा मॅनेजर चालवत होता. आपल्या मध्य प्रदेश हायकोर्टाने कंपनीला सोडलं होतं, १९७७ साली सुप्रीम कोर्टाने तो निकाल फिरवून, मॅनेजर कंपनीच्याच कामात होता म्हणून तिला जबाबदार धरलं. तुमच्याकडच्या त्या पगारी मुलाच्या गाडीला डबे लटकत होते, फेरी संपलेली नव्हती. वळशाचा मुद्दा मी जरूर मांडेन, पण त्याच्या भरवशावर बसू नका.

पोलीस केस मात्र त्या मुलावरच चालेल. लायसन्स नसलेल्याला तुम्ही स्वतःची गाडी दिली असती, तर गोष्ट वेगळी होती.

आजच त्याचं लायसन्स आणि विम्याचा कागद मागवा. थर्ड पार्टी विमा चालू असेल तर कंपनीला लगेच लेखी कळवायला सांगा. खाजगी गाडीवर धंद्याचा माल नेला, असा आक्षेप कंपनी घेऊ शकते, तरीही कळवायचंच. विमा संपलेला असेल, तर भरपाईचा भार तुमच्यावर येण्याची धास्ती खरी आहे. मग तडजोडीचं बोलणं लवकर सुरू केलेलं बरं.

जखमी गृहस्थांना भेटायला जा. दवाखान्याच्या खर्चाला हातभार लावायचा असेल तर चेकने द्या आणि ‘हक्क राखून, माणुसकीच्या नात्याने’ असं सोबत लिहा. त्या मुलाकडून मागच्या तारखेचा कुठलाही कागद लिहून घेऊ नका. नोटिशीला मुदतीत, वकिलामार्फतच उत्तर द्या. आणि विम्याचा कागद हाती येईपर्यंत त्या गाडीवरून डबे पाठवू नका.