तांब्याच्या खाणीसाठी किती थांबावे?

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. तीन वर्षांपूर्वी तांब्याच्या एका खाण कंपनीचे शेअर घेतले. तिच्या भुयारी खाणीचे काम आधी पाणी शिरल्यामुळे आणि मग कंत्राटदार बदलल्यामुळे रखडले. तांब्याचा भाव वाढला, पण माझा शेअर जागचा हलत नाही. मुलगा विकून टाक म्हणतो. आणखी किती थांबावे?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : भाव वाढूनही शेअर का हलत नाही, ते आधी पाहू. खनिजात तांब्याचे प्रमाण १ टक्का असेल, तर १ टन दगड वर आणून त्यातून फार तर १० किलो तांबे निघते. बोगदे रखडले की बाजार कितीही तेजीत असला तरी कंपनीकडे विकायला माल नसतो. पगार, पंपांची वीज आणि कर्जावरील व्याज मात्र थांबत नाही.

पाण्याची अडचण पैसा आणि वेळ खर्चून बहुधा सुटते. परवान्याची तशी सुटेलच असे नाही : कोब्रे पनामा ही चालती, मोठी खाण नोव्हेंबर २०२३ मध्ये पनामाच्या सर्वोच्च न्यायालयाने तिचा सरकारशी झालेला खाणकामाचा करार घटनाबाह्य ठरवल्यामुळे बंद पडली. आपल्या कंपनीवर असे संकट नाही, हे चांगले आहे.

आपल्या परिस्थितीला मंगोलियातील ओयू तोलगोई या तांब्याच्या खाणीचे उदाहरण अधिक जवळचे वाटते. तेथे खडकाच्या स्थैर्याबद्दल शंका आल्याने भुयारी खाणीचा आराखडा बदलावा लागला, काम १६ ते ३० महिने लांबेल असे जुलै २०१९ मध्ये जाहीर झाले आणि ५.३ अब्ज डॉलरचा खर्च पुढे सुमारे ७ अब्जांवर गेला. मार्च २०२३ मध्ये भुयारी उत्पादन सुरू झाले खरे. परंतु खाणीची ६६ टक्के मालकी असलेल्या टर्क्वॉइज हिल कंपनीच्या छोट्या भागधारकांचे शेअर तिच्या सर्वात मोठ्या भागधारकाने, म्हणजे रिओ टिंटो या बड्या खाण कंपनीने, डिसेंबर २०२२ मध्येच, प्रत्येकी ४३ कॅनेडियन डॉलर देऊन, घेतले होते. इतकी वर्षे वाट पाहणाऱ्यांच्या हाती खाण सुरू होताना एकही शेअर नव्हता, ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते.

म्हणून कंपनीचे गेल्या तीन वर्षांचे वार्षिक अहवाल समोर ठेवून उत्पादनाची तारीख किती वेळा पुढे गेली, दर वेळी कारण नवे होते की तेच, आणि तूट भरण्यासाठी कर्ज काढले की स्वस्तात नवे शेअर विकले, हे तपासा. नवे शेअर वारंवार निघत असतील तर खाण सुरू झाली तरी आपला वाटा आक्रसलेला असेल. पाण्यापेक्षा कंत्राटदार बदलण्याचीच मला अधिक काळजी वाटते, कारण ती निसर्गाची नव्हे, व्यवस्थापनाची बाब आहे. यातली रक्कम घरखर्चाची किंवा औषधपाण्याची असेल, तर तेवढे शेअर आताच विकावेत. मुलाचे म्हणणे तेवढ्यापुरते योग्य आहे. उरलेल्यांचा निर्णय वार्षिक सभेनंतर घ्या, आणि सभेपूर्वी कंपनी सचिवांना पत्र लिहून जुन्या कंत्राटदाराशी हिशेब मिटला का, हे स्पष्ट विचारा.