टर्नटेबल हळू फिरत नाहीये, फिडलच उतरवून लावलंय

ह्यूस्टनच्या गराज सेलमधून दहा डॉलरला खोकंभर रेकॉर्ड उचलल्या, त्यात बाल्फा ब्रदर्सची जुनी कॅजन (लुइझियानातल्या फ्रेंच बोलणाऱ्यांच्या लोकसंगीताची) एलपी निघाली, आणि फिडल, म्हणजे व्हायोलिनच, बसक्या आवाजाचं वाटतंय म्हणून टर्नटेबलचा बेल्ट बदलू का, असं विचारलंय तुम्ही. थांबा, बेल्टला हात लावू नका.

फोनवरचा तानपुरा पांढरी एकला (C) लावा आणि गाणी जुळवून बघा. नाही जमलं तर पांढरी पाच (G). बरीचशी गाणी या दोन पट्ट्यांत बसली तर वेग ठीक आहे. लुइझियानातलं ते दहा बटणांचं अकॉर्डियन बहुधा पांढरी एकचं असतं आणि त्याची पट्टी काही हलत नाही. मग नमतं घेतो फिडलवाला. चारही तारा एकेक स्वर उतरवतो. बोटं पांढरी दोनची चालतात, ऐकू येते पांढरी एक. तारा सैल, म्हणून आवाज जाड आणि जरा घोगरा. तुम्हाला खटकतंय ते हेच, आणि मला विचाराल तर खरी मजाही यातच आहे. (अकॉर्डियनचा गंधार हार्मोनियमपेक्षा उतरलेला लागला तरी दचकू नका, बरेचदा तो मुद्दाम तसा लावतात.)

आता एक गाणं फक्त दुसऱ्या फिडलसाठी ऐका. ड्यूई बाल्फा सुरावट वाजवतो, थोरला भाऊ विल खालून साथ धरतो. दोन-दोन तारांवर एकदम गज, आखूड, ठोक्यावर. मला पहिली काही वर्षं ते गिटारच वाटायचं! मागे किणकिणतो तो त्रिकोण. गवत ओढायच्या दाताळ्याचे लोखंडी दाते वाकवून तो करायची जुनी पद्धत.

ड्यूई 1964 साली न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवाला गेला तो ऐन वेळचा बदली गिटारवाला म्हणून. दोनशेच्या वर श्रोते एका जागी न पाहिलेला माणूस, समोर सतरा हजार, आणि ते उठून टाळ्या वाजवतायत. गावाकडे या संगीताला अडाण्यांचं म्हणत. शाळेत फ्रेंच बोललं की पोरांना मार बसायचा, लुइझियानाच्या 1921 च्या राज्यघटनेनं शिक्षण इंग्रजीतच ठेवलं होतं. परत आल्यावर ड्यूई आयुष्यभर हेच संगीत शाळाशाळांत शिकवत फिरला. विल आणि आणखी एक भाऊ रॉडनी मात्र 1979 मध्ये मोटार अपघातात गेले.

रेकॉर्ड धुताना लेबल भिजू देऊ नका. स्वॅलो कंपनीचं असेल तर ते लुइझियानातल्याच व्हिल प्लॅट गावचं, म्हणजे घरचंच. आणि याच खोक्यात जुना कॅजन फिडलवाला डेनिस मॅकगी याचं काही निघालं तर आधी मला कळवा. त्याच्या 1929 च्या रेकॉर्डिंगमध्ये अकॉर्डियन नसलेल्या बाजूही आहेत, नुसती दोन फिडलं.