म्हाळसा एकच की दोन?

प्रश्न: नमस्कार, माझं माहेरचं कुलदैवत गोव्यातली म्हार्दोळची म्हाळसा आणि सासरचं जेजुरीचा खंडोबा. लेक नववीत आहे, तिने विचारलं की आई, गोव्याची म्हाळसा म्हणजे विष्णूचा मोहिनी अवतार ना, मग ती खंडोबाची बायको कशी? आणि विष्णू खरंच बाई झाला की नुसतं सोंग घेतलं? सासूबाई म्हणाल्या असलं विचारू नये, आणि मलाही काही सांगता आलं नाही.
– एक वाचक, ठाणे

उत्तर: ताई, लेकीने नेमक्या जागी बोट ठेवलंय, तिला गप्प करू नका प्लीज.

आधी सोंगाचं बघू. समुद्रमंथनातून अमृत निघालं, दैत्यांनी कलश पळवला, मग विष्णू मोहिनी झाला, देवदैत्यांच्या वेगवेगळ्या पंगती बसवल्या आणि अमृत देवांनाच वाढत सुटला. त्याच पंगतीत राहू देवाचं रूप घेऊन घुसला होता, म्हणजे बघा, एकाच जेवणावळीत रूप बदललेले दोघं आहेत, एक वाढणारी आणि एक जेवणारा. राहूचं होतं ते सोंग, सूर्यचंद्रांनी ते लगेच ओळखलं आणि अमृत गळ्याखाली उतरायच्या आत मुंडकं उडालं. मोहिनीचं तसं नाही, तिचं काम झाल्यावरही लोकांनी तिला सोडलं नाही, देवी म्हणून पूजलं, आजही पूजतात, म्हणून मला तरी ते सोंग वाटत नाही.

आता दोन म्हाळसांचं. हा धागा नेवाशाला जुळतो. मोहिनीने अमृत वाढलं ते नेवाशाला अशी तिथली श्रद्धा आहे आणि गावच्या देवाचं नाव आहे मोहिनीराज. नाव नुसतं मोठ्याने म्हणून बघा, 'मोहिनी' बाईचं, 'राज' पुरुषाचं, आणि गाव ते रोज सहज घेतं. ज्ञानेश्वरीच्या शेवटी 'श्रीमहालया' येतं तीही हीच असं परंपरेने मानतात. पुढची कथा अशी की शंकर मोहिनीवर भाळला, ती म्हणाली पुढच्या जन्मी तुमची होईन, मग ती नेवाशाच्याच तिमशेट वाण्याच्या घरी म्हाळसा म्हणून जन्मली आणि खंडोबाशी, म्हणजे शंकराच्याच अवताराशी, तिचं लग्न साताऱ्याकडच्या पालीला लागलं, तिथे पौषात अजून दरवर्षी लावतात. जेजुरीकडे बरेच जण म्हाळसेला पार्वतीचा अवतार म्हणतात, काही जण दोन्ही एकत्र धरतात, त्यावरून घरात भांडू नका, लोकदैवतांच्या कथा अशाच एकमेकींत मिसळतात.

म्हार्दोळला मात्र ती कोणाची बायको म्हणून नाही, स्वतः विष्णूच आहे, म्हणून तिकडे महालसा नारायणी म्हणतात. पोर्तुगीजांच्या काळात, सोळाव्या शतकात, मूर्ती वेर्ण्याहून तिथे नेली. पुढच्या वेळी गेलात की लेकीला मूर्तीचं जानवं दाखवा. देवीच्या अंगावर जानवं! साडी-दागिन्यांत पटकन दिसणार नाही, पुजाऱ्यांना विचारा. ही बाई आहे आणि विष्णूही आहे हे लपवायचं कोणाच्या मनातच आलं नाही, उलट अंगावर खूण ठेवली, मला हे फार आवडतं. आंध्रात गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशात र्‍याली गावी तर एकाच काळ्या दगडात समोरून केशव आणि मागून मोहिनी आहे, मागे जाऊन बघितलं की केसांचा अंबाडा कोरलेला दिसतो. तिरुपतीला ब्रह्मोत्सवात पाचव्या दिवशी सकाळी बालाजीला मोहिनीचा साज करून पालखीत मिरवतात, आणि केरळात अय्यप्पा हा शंकर आणि मोहिनीचा मुलगा. तेव्हा लेकीला सांगा, तू विचारलंस ते आपल्या देवळांनी कधीच लपवलेलं नाही.

प्रश्न: राहुरी हे नाव राहूवरून पडलं का?
– एक वाचक, श्रीरामपूर

उत्तर: नेवाशाच्या भागात तसं सांगतात खरं. चक्राने उडालेलं डोकं पडलं ती राहुरी, आणि काया पडली ते कायगाव, प्रवरा जिथे गोदावरीला मिळते तिथलं. शब्दाची व्युत्पत्ती म्हणून याच्यावर भिस्त ठेवू नका, पण तुमच्याकडून तिन्ही गावं एका दिवसात होतात, नेवाशाला मोहिनीराजापासून सुरुवात करा.