माझ्या पोशाखाची मुलाला मित्रांसमोर लाज वाटते. त्याच्यासाठी मी बदलावे का?

बदलू नका. आपण लिहिले आहे की मुलगा चौदा वर्षांचा आहे आणि मित्र दिसले की तो आपल्यापासून दहा पावले पुढे चालू लागतो. माझा मुलगा त्या वयात नेमके हेच करीत असे, आणि तेव्हा नमते घेऊन मी जी चूक केली ती आपल्या हातून होऊ नये असे मला मनापासून वाटते.

मी वर्षानुवर्षे पूर्ण बाह्यांचे सुती शर्ट घालत आलो आहे. इस्त्री मी स्वतः करतो, कापड किंचित ओलसर असतानाच. कॉलरवर ती टोकांकडून मध्याकडे फिरवतो, कारण उलट फिरवली तर टोकाशी चुणी पडते. कॉलर घडीवर विरली की तिची शिवण उसवून ती उलटवतो आणि पुन्हा शिवतो, म्हणजे विरलेली बाजू खाली जाते. मोजक्या कपड्यांतही माणसाला नीटनेटके राहता येते, याचा मला अभिमान आहे. मुलाला मात्र ती उलटवलेली कॉलर बरोबर ओळखू येई. पालकसभेच्या आदल्या संध्याकाळी तो म्हणाला, "बाबा, उद्या तो शर्ट नको. सगळ्यांचे बाबा टीशर्ट घालून येतात."

मी टीशर्ट घातला. वर्गाबाहेरच्या बाकावर बसलो तेव्हा सगळे आपल्याकडेच पाहत आहेत असे वाटत राहिले, आणि शिक्षिकांनी मुलाबद्दल जे सांगितले ते चुकीचे आहे हे ठाऊक असूनही मी नुसती मान डोलावली. पुढे वर्षभर त्याला विचारूनच कपडे घेतले. मग एके दिवशी तो आईला उद्धटपणे बोलला आणि त्याला रागवण्याआधी मी घुटमळलो. त्याच रात्री जुना शर्ट पेटीतून काढला.

मानसशास्त्रज्ञ डेव्हिड एल्काइंड यांनी १९६७ मध्येच लिहून ठेवले आहे की किशोरवयीन मुले मनात एक 'काल्पनिक प्रेक्षकवर्ग' घेऊन वावरतात, म्हणजे सगळ्यांचे लक्ष आपल्यावरच आहे असे त्यांना वाटत राहते. मोठ्यांचेही तसेच होते. थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांच्या २००० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा टीशर्ट घालून इतरांसमोर पाठवले होते. खोलीतल्या जवळपास निम्म्या लोकांनी तो पाहिला असेल असा त्यांचा अंदाज होता, प्रत्यक्षात तो जेमतेम चौथा हिस्सा लोकांच्या लक्षात आला होता. त्या बाकावर माझ्याकडे कोणी पाहतही नसेल. हे मी मुलाला समजावले, त्याला पटले नाही, तो आणखी काही महिने पुढेच चालत राहिला आणि मग केव्हातरी सोबत चालू लागला.

अर्थात कपडे मळके किंवा चुरगळलेले असतील तर मुलाचे म्हणणे खरे आहे, ते ऐका. वडिलांवरून मित्र त्याला खरोखर छळत असतील तर तो छळ आधी थांबवा, पोशाखाचे नंतर पाहू.

माझे थोरले बंधू आजही म्हणतात की एका शर्टापायी मी मुलाचे मन मोडले, बापाने मुलासाठी एवढे तरी करावे. मी त्यांना तेव्हाच विचारले होते, "दादा, आज शर्ट बदलला, उद्या त्याला माझ्या बोलण्याची लाज वाटली, परवा माझ्या कामाची वाटली, तर मी कुठे थांबायचे?" त्याचे उत्तर त्यांनी अजून दिलेले नाही.