दोन वर्षं साइटवर आहे. सिव्हिलमध्ये एम.टेक. करावं का, आणि केलं तर स्ट्रक्चरच घ्यावं का?

तुमची परिस्थिती आधी थोडक्यात मांडते, म्हणजे उत्तर कशाचं आहे ते बाकीच्यांनाही कळेल. बी.ई. सिव्हिल झालंय, घोडबंदर रोडवरच्या एका टॉवरच्या साइटवर दोन वर्षं झाली, राहायला कळव्याला. साइटवरचे सीनियर सांगतात, ‘एम.टेक. करायचं तर स्ट्रक्चरच, बाकीच्याला किंमत नाही.’ घरचे म्हणतात, हातची नोकरी सोडू नकोस. मी जिओटेक्निकलमध्ये एम.टेक. केलंय, नेरुळला राहते आणि माती तपासणी, पाइल (इमारतीसाठी जमिनीत खोल उतरवलेले खांब), पाया याच कामात आहे. माझा ओढा मातीकडे असणार, तेवढं धरून वाचा.

माझं मत, करा. पण शाखा कुणाला विचारून ठरवू नका. दोन वर्षं साइटवर आहात म्हणजे एखादा तरी प्रश्न असा पडला असेल, की ज्यावर ‘ड्रॉइंगमध्ये तसंच आहे’ यापलीकडे उत्तर मिळालं नाही आणि तो डोक्यातून गेलाही नाही. तो प्रश्न ज्या विषयात येतो ती तुमची शाखा. असा प्रश्नच नसेल आणि नुसतं ‘पुढे काहीतरी करायला हवं’ असं वाटत असेल, तर अजून वर्षभर साइटवर काढा. एम.टेक. कुठे पळून जात नाही.

माझा प्रश्न काय होता ते सांगते, कारण नवी मुंबईत राहणाऱ्या कुणालाही तो पडू शकतो. खाडीकडच्या बाजूच्या जुन्या सोसायट्या नीट बघा. इमारत जागच्या जागी असते, पण भोवतीचे पेव्हर ब्लॉक खचलेले असतात. प्रवेशाच्या पायरीखाली नंतर कधीतरी आणखी एक पायरी बांधून जोडलेली दिसते. ड्रेनेजचा पाइप इमारतीतून बाहेर पडतो नेमका तिथेच तुटतो. सोसायटी कॉन्ट्रॅक्टरला बोल लावते, तो पुन्हा ब्लॉक बसवून देतो, आणि काही पावसाळे गेले की पुन्हा तेच.

कारण जमिनीखाली आहे. या पट्ट्यात वर भराव आणि त्याखाली मरीन क्ले, म्हणजे खाडीची काळी, मऊ, पाण्याने भरलेली चिकणमाती. तिची जाडी कुठे दोन-तीन मीटर, कुठे दहा मीटरच्याही पुढे. इमारत पाइलवर उभी आणि पाइल खालच्या खडकात रुतवलेले, म्हणून ती हलत नाही. भोवतीची जमीन मात्र भरावाच्या वजनाने वर्षानुवर्षं दबत राहते, कारण चिकणमातीतलं पाणी अतिशय सावकाश बाहेर पडतं आणि ते निघेल तशी माती बसते. शिवाय बसणारी माती पाइललाही धरून खाली ओढते. जी माती घर्षणाने पाइलला आधार देते असं आपण पदवीला शिकतो, तीच इथे पाइलवर वजन टाकते. निगेटिव्ह स्किन फ्रिक्शन हा शब्द बी.ई.च्या पुस्तकात एका परिच्छेदापुरता येतो. नवी मुंबईत पाइल डिझाइन करताना तो रोज समोर असतो.

मातीचा अभ्यासक टेरझाघी याने शंभर वर्षांपूर्वी मांडलेलं कन्सोलिडेशनचं, म्हणजे पाणी निघून माती दबण्याचं, गणित तुम्हीही शिकला आहात. माती बसायला लागणारा वेळ पाण्याला कापाव्या लागणाऱ्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. अंतर निम्मं केलं की वेळ पावपट होतो. याच तत्त्वावर पीव्हीडी (प्रीफॅब्रिकेटेड व्हर्टिकल ड्रेन) चालतात. चिकणमातीत साधारण एक ते दीड मीटर अंतरावर प्लास्टिकच्या अरुंद पट्ट्या उभ्या खोचायच्या, वर भरावाचं वजन ठेवायचं, आणि पाण्याला दहा मीटर वर-खाली जाण्याऐवजी आडवं हातभर जाऊन पट्टीतून वर येऊ द्यायचं. वर्षांचं काम महिन्यांवर येतं. इतपत पदवीलाही कळतं. एम.टेक.मध्ये पुढचं शिकायला मिळतं. पट्टी खोचताना भोवतीची माती चिवडली जाते आणि तिथली पाणी सोडण्याची क्षमता घटते, ते हिशेबात कसं घ्यायचं. लॅबमधल्या दोन सेंटिमीटर जाडीच्या नमुन्यावरून काढलेला आकडा प्रत्यक्ष जमिनीला का जुळत नाही. जमीन किती बसली ते मोजणाऱ्या सेटलमेंट प्लेटची रीडिंग येत असताना असाओकाच्या पद्धतीने शेवटी माती किती बसेल याचा अंदाज कसा बांधायचा, आणि वरचा भराव कधी काढायला सांगायचा. हा शेवटचा निर्णय ज्याच्या सहीने होतो, त्याला ही दोन वर्षं लागतातच.

आपल्या भागात या विषयाला कामाची कमतरता नाही. नवी मुंबई विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली, नदीचा प्रवाह वळवला, पाणथळ जमिनीवर भराव टाकला. अटल सेतूच्या २१.८ किलोमीटरपैकी १६.५ किलोमीटर समुद्रावर आहेत आणि तिथला प्रत्येक खांब खालच्या खडकाबद्दलच्या कुणाच्यातरी निर्णयावर उभा आहे. बुलेट ट्रेनचा बीकेसी ते शिळफाटा हा २१ किलोमीटरचा बोगदा ठाणे खाडीखालून सुमारे ७ किलोमीटर जातो. ठाणे–बोरिवली जुळा बोगदा राष्ट्रीय उद्यानाखालून जाणार आहे. अशा ठिकाणी बोअरहोलमधून आलेले खडकाचे तुकडे बघून ‘हा बेसाल्ट, ही ब्रेशिया, इथे पाणी लागेल’ असं ठामपणे सांगणारी माणसं हवी असतात.

आता स्ट्रक्चर. तुमचे सीनियर सरसकट चुकीचं सांगत नाहीत, जागा त्याच शाखेत सगळ्यांत जास्त निघतात. तुमच्या टॉवरच्या ड्रॉइंगमध्ये बीम-कॉलम जॉइंटच्या जवळ सळयांभोवतीच्या रिंगा इतक्या दाट का, मधे विरळ का, आणि रिंगेचा हूक १३५ अंशांतच का वळवायचा, यावर तुमचं फिटरशी कधी भांडण झालं असेल आणि आयएस १३९२० हा भूकंपासाठीच्या डिझाइनचा कोड उघडून बघावासा वाटला असेल, तर खुशाल स्ट्रक्चर घ्या. ५० मीटरच्या वरच्या इमारतींना आता आयएस १६७०० हा उंच इमारतींचा कोड लागतो. वारा, भूकंप, शिअर वॉलची (आडवा जोर घेणाऱ्या भिंतींची) मांडणी हे सगळं समजून घेणारं डोकं घोडबंदर पट्ट्यात हवंच आहे.

ठाण्यात या शाखेचं आणखी एक मोठं काम आहे, त्याकडे नव्या मुलांचं लक्ष जात नाही म्हणून मुद्दाम लिहिते. ३० वर्षं पूर्ण झालेल्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट सक्तीचं आहे, आणि ठाणे, कळवा, मुंब्रा, डोंबिवली या पट्ट्यात अशा इमारती ओळीने उभ्या आहेत. ऑडिटर एखाद्या इमारतीला सी-वन ठरवतो तेव्हा त्या घरांतली माणसं सामान घेऊन रस्त्यावर येतात. सी-टू-बी म्हटलं तर दुरुस्ती करून तिथेच राहतात. हा फरक रिबाउंड हॅमर, अल्ट्रासोनिक, हाफ-सेल, कार्बोनेशन आणि कोअरच्या चाचण्या वाचून करायचा असतो. खाडीच्या खाऱ्या हवेत सळई गंजते, गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीट फोडते, इतकं सगळ्यांना माहीत असतं. पण उरलेल्या सळईवर हा स्लॅब आणखी किती वर्षं काढेल, जॅकेटिंग करून (भोवती नवा थर चढवून) कॉलम खरंच वजन घेईल का, याची उत्तरं देणारे फार थोडे आहेत. नवीन टॉवर डिझाइन करण्याइतकंच, किंबहुना माझ्या मते त्याहून जास्त, हे काम अभ्यासाच्या योग्यतेचं आहे.

पाण्याची आवड असेल तर नवी मुंबईसारखी प्रयोगशाळा नाही. शहराचा बराच भाग भरतीच्या पातळीच्या आसपास आहे, म्हणून सिडकोने होल्डिंग पॉण्ड बांधले. भरतीत झडपा बंद होतात, पावसाचं पाणी तलावात साठतं, ओहोटीला बाहेर जातं. आता त्यांत गाळ साचला, खारफुटी वाढली, खारफुटीला न्यायालयाचं संरक्षण आहे, आणि पाणी साठवायची जागा घटली. यावर चांगला प्रबंध होऊ शकतो. ट्रान्सपोर्टेशन आणि कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंट माझा प्रांत नाही, त्यांवर त्या शाखेतल्या कुणाला तरी विचारा.

कॉलेज निवडताना मी एकच गोष्ट सांगेन, लॅब बघून या. कळव्याहून स्लो गाडीने माटुंग्याला उतरलं की व्हीजेटीआय, कांजूरमार्गहून आयआयटी. ऐरोलीपासून पनवेलपर्यंत इंजिनीअरिंग कॉलेजंही बरीच आहेत, पण कुठे एम.टेक. चालतं, कुठली शाखा चालते, ते त्या वर्षीच्या सीईटी सेलच्या (राज्याच्या प्रवेश यंत्रणेच्या) यादीत तपासा. प्रत्यक्ष जा. ट्रायअ‍ॅक्सियल हे मातीची ताकद तपासणारं मशीन चालू आहे की त्यावर कापड पांघरलंय ते बघा. मागच्या तीन वर्षांतल्या प्रबंधांची नावं विचारा. सगळे विषय ‘जी प्लस पंधरा इमारतीचा ईटॅब्स सॉफ्टवेअरमध्ये तुलनात्मक अभ्यास’ असेच असतील, तर तिथे दुसरं वर्ष फुकट जाईल. पहिल्या वर्षाचे विषय सगळीकडे थोड्याफार फरकाने सारखेच असतात. पदवीची खरी किंमत दुसऱ्या वर्षाच्या प्रबंधात असते आणि तो गाइडवर अवलंबून असतो. शिकत असलेल्या मुलांना कँटीनमध्ये गाठा, गाइड आठवड्यातून किती वेळा भेटतात ते विचारा. हे कुठल्याही माहितीपत्रकात सापडणार नाही.

गेट, म्हणजे एम.टेक. प्रवेशाची देशपातळीवरची परीक्षा, द्यायलाच हवी. तिच्याशिवायही काही कॉलेजांत जागा मिळते, पण स्टायपेंड मिळत नाही. पेपर तीन तासांचा, १०० गुणांचा, त्यातले १५ गुण जनरल अ‍ॅप्टिट्यूडचे. चुकलेल्या एमसीक्यूला गुण कापले जातात, आकडा लिहायच्या प्रश्नांना कापले जात नाहीत. स्कोअर तीन वर्षं चालतो, आणि तुमच्यासाठी ही सगळ्यांत उपयोगी गोष्ट आहे. नोकरी करता करता परीक्षा द्या, मग ठरवा. आयआयटीच्या ऑफर सीओएपी या पोर्टलवरून येतात, एनआयटीच्या सीसीएमटी या पोर्टलवरून, राज्यातल्या कॉलेजांचे प्रवेश सीईटी सेलकडून. साइटवरून रात्री आठला घरी येऊन अभ्यास होणं अवघड असतं, म्हणून गणित आणि अ‍ॅप्टिट्यूडपासून सुरुवात करा. थकलेल्या डोक्यालाही रोज तासभर गणितं सोडवता येतात, आणि पुढे एम.टेक.च्या पहिल्या सत्रात फाइनाइट एलिमेंट समोर येतं तेव्हा तेच गणित हाताशी लागतं.

पैशाचं स्पष्ट सांगते. गेटवर प्रवेश मिळाला तर स्टायपेंड महिना १२,४०० रुपये. त्याला हजेरीच्या आणि लॅबमधल्या कामाच्या अटी असतात आणि सोबत नोकरी करता येत नाही. म्हणजे दोन वर्षं तुमचं उत्पन्न घटणार. बाहेर पडल्यावर कन्सल्टन्सीतला पहिला पगार साइटवरच्या चार वर्षांच्या अनुभवाएवढ्या पगाराहून फार जास्त असेलच असं नाही. फरक पुढे पडतो, डिझाइनची जबाबदारी, प्रूफ चेकिंग (दुसऱ्याचं डिझाइन तपासणं), रिपोर्टवर सही ही कामं जेव्हा तुमच्याकडे येऊ लागतात तेव्हा. नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये स्ट्रक्चरल इंजिनीअरसाठी अनुभवाची तीन वर्षांची अट स्ट्रक्चरमधली पदव्युत्तर पदवी असली की दोन वर्षांवर येते. शिकवायचं असेल तर एम.टेक.शिवाय असिस्टंट प्रोफेसर होता येत नाही. पण तुमचा डोळा एमपीएससी किंवा महापालिकेतल्या कनिष्ठ अभियंत्याच्या जागेवर असेल तर त्याला बी.ई. पुरते, तिथे ही दोन वर्षं घालवू नका.

घरच्यांना समजवायचं तर वाद घालण्याऐवजी हिशेब मांडा. दोन वर्षांचा खर्च, स्टायपेंड, साठवलेले पैसे, सगळं एका कागदावर. घरात कर्जाचा हप्ता तुमच्या पगारातून जात असेल तर त्यांचं म्हणणं बरोबर आहे, आणि मग आधी एक वर्ष पैसे बाजूला टाकून स्कोअर जपून ठेवणं शहाणपणाचं. कंपनीने पाठवलं तर काही ठिकाणी स्पॉन्सर्ड जागाही असतात, त्यासाठी अनुभवाची अट तुम्ही पूर्ण करत असाल. मॅनेजरला एकदा विचारून बघा, नाही म्हणाले तरी बिघडत नाही.

गेटचे अर्ज साधारण ऑगस्टच्या अखेरीला सुरू होतात आणि परीक्षा फेब्रुवारीत असते. तोवर एक करा. तुमच्या साइटचा सॉइल रिपोर्ट ऑफिसातून मागून घ्या आणि शेवटपर्यंत वाचा. बहुतेक साइट इंजिनीअर फक्त शेवटच्या पानावरची एसबीसी, म्हणजे जमीन किती भार पेलेल तो आकडा, बघतात. बोअर लॉग (बोअरमध्ये किती खोलीवर काय लागलं त्याची नोंद) वाचताना तुम्हाला झोप आली, की दुसऱ्या बोअरशी ताडून बघावंसं वाटलं, ते मला कळवा. मग जिओटेक की स्ट्रक्चर यावर आपण नेमकं बोलू.