ब्रोकरच्या ऑफिसात नव्या मुलांना ग्राहकांचा पैसा सांभाळायला कसं शिकवावं?

तुम्ही विचारलंय की तुम्ही सांगलीत एका शेअर ब्रोकरचे ऑथराइज्ड पर्सन, म्हणजे त्याच्या वतीने ग्राहकांचं काम बघणारे अधिकृत प्रतिनिधी आहात, तीन नवी मुलं कामाला घेतली आहेत, तिघंही नुकतीच बी.कॉम. झालेली. त्यांच्याकडून एनआयएसएमची (शेअर बाजारातल्या कामासाठी प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेची) परीक्षा देऊन घेतली की पुरे, की ग्राहकांच्या पैशाबद्दल वेगळं काही शिकवायला हवं?

मी पुण्यात एका ब्रोकिंग कंपनीत कंप्लायन्स, म्हणजे नियम पाळले जातात की नाही ते, बघते आणि नव्या मुलांचं प्रशिक्षणही माझ्याकडेच असतं. परीक्षा जरूर द्यायला लावा. ब्रोकरकडच्या ज्या माणसांचा ग्राहकांच्या पैशाशी, शेअर्सशी किंवा तक्रारींशी संबंध येतो त्यांच्यासाठी शेअर बाजाराची नियामक संस्था सेबी हिने सिरीज ७, म्हणजे सिक्युरिटीज ऑपरेशन्स अँड रिस्क मॅनेजमेंट, बंधनकारक केलेली आहे. प्रमाणपत्र ३ वर्षं चालतं. पे-इन (सौद्याचे पैसे किंवा शेअर भरणं) म्हणजे काय, पे-आउट (ते मिळणं) कधी, मार्जिन (सौद्यासाठी आधी ठेवायची रक्कम) कसं लागतं, हे सगळं त्या अभ्यासात येतं. पण पुरे का, असं विचाराल तर नाही. नियम माहीत नव्हता म्हणून ग्राहकाच्या पैशाला धक्का लागला असं मी फार कमी पाहिलंय. नियम माहीत असूनही समोरच्या माणसाला नाही म्हणता आलं नाही, असंच बहुतेक वेळा होतं. तेव्हा शिकवायचं आहे ते 'नाही' म्हणणं.

सांगलीसारख्या ठिकाणी हे पुण्या-मुंबईपेक्षा अवघड, कारण ग्राहक ओळखीचा असतो. सकाळी सव्वानऊला बाजार उघडतो, दहा मिनिटांत एक काका पिशवीतून नोटा काढून टेबलावर ठेवतात आणि म्हणतात, 'पन्नास हजार आहेत बघ, बँकेत रांग आहे, तू तुझ्या मोबाइलवरून भर माझ्या खात्यात.' मुलाला यात काही वावगं वाटत नाही. तो मदत करायला निघालेला असतो. पण त्या एका गोष्टीत दोन नियम मोडतात. सेबीच्या ऑगस्ट २००३ च्या परिपत्रकापासून ब्रोकरने ग्राहकाकडून रोख घ्यायची नाही, हे एक. आणि ट्रेडिंग खात्यात येणारा पैसा ग्राहकाच्या स्वतःच्या नावावरच्या बँक खात्यातूनच यायला हवा, तिसऱ्याच्या नाही, हे दुसरं. शिवाय ऑथराइज्ड पर्सन म्हणून तुम्हाला ग्राहकाचा पैसा स्वतःच्या नावावर घेताच येत नाही; ग्राहकाच्या बँकेतून थेट ब्रोकरच्या ग्राहक-खात्यात, आणि तिथून थेट परत, एवढीच वाट आहे. म्हणजे तुमच्या ऑफिसात ग्राहकाचा एक रुपयाही थांबायला नको. हे वाक्य मुलांना पहिल्या दिवशी सांगा आणि नंतरही सांगत राहा.

हे मी तोंडी सांगून सोडत नाही, करून घेते. एकाला काका करते, एकाला काउंटरवर बसवते. काका झालेल्याला सांगते, चिडायचं, आवाज चढवायचा, 'तुझ्या वडिलांना मी वीस वर्षं ओळखतो, माझ्यावर विश्वास नाही का?' असं म्हणायचं. पहिल्या खेपेला काउंटरवरचा मुलगा हमखास अडखळतो. कुणी 'साहेबांना विचारतो' म्हणून वेळ मारून नेतं, कुणी 'सिस्टीम घेत नाही' अशी थाप मारतं. ही थाप मी चालू देत नाही, कारण काका उद्या पुन्हा येतात आणि सिस्टीम सुरू झाली का विचारतात. खरं तेच बोलायला लावते: 'काका, तुमचे पैसे माझ्या हातून गेले तर उद्या तुमच्याकडे पुरावा राहणार नाही. तुमचा फोन काढा, तुमच्याच खात्यातून भरू, मी शेजारी बसतो.' हे वाक्य जिभेवर बसेपर्यंत पुन्हा पुन्हा म्हणवून घेते. ऐकायला शाळेतल्यासारखं वाटेल, पण खऱ्या काकांसमोर मुलाला तेच आठवतं.

तिसऱ्याच्या खात्याचा मुद्दा दुसऱ्या रूपातही येतो आणि तो जास्त फसवा असतो. आईच्या ट्रेडिंग खात्यात मुलगा स्वतःच्या बँकेतून पैसे टाकतो. घरचाच माणूस, घरचाच पैसा, मग अडचण काय? पैसे कुणाचे आणि त्यातून घेतलेले शेअर कुणाचे, हा वाद घरातच सुरू होतो आणि कागद मागायला सगळे तुमच्याकडे येतात. शिवाय दुसऱ्याचा पैसा फिरवायला हीच वाट सोयीची पडते. असा पैसा ज्या खात्यातून आला त्याच खात्यात परत जातो. आईचं नाव असलेलं संयुक्त खातं असेल आणि ते ब्रोकरकडे नोंदवलेलं असेल तर चालतं, हेही मुलांना सांगा, म्हणजे ती उगाच कुणाला परत पाठवणार नाहीत.

आता या सगळ्या नियमांमागचं कारण. तुमच्या मुलांना मेन ऑफिसचे हिशेब करायचे नाहीत हे मला ठाऊक आहे, तरी हा एक हिशेब त्यांच्याकडून कागदावर करून घ्याच. ग्राहकांचा आणि ब्रोकरचा पैसा वेगवेगळ्या खात्यांत ठेवा हा नियम नोव्हेंबर १९९३ चा आहे. तो पाळला जातोय की नाही हे तपासायची रीत सेबीने सप्टेंबर २०१६ च्या परिपत्रकात घालून दिली. ग्राहक-खात्यांतली बँकेतली शिल्लक घ्या, त्यात क्लिअरिंग कॉर्पोरेशनकडे (सौद्यांची देवाणघेवाण पुरी करणाऱ्या संस्थेकडे) ठेवलेली रक्कम मिळवा, आणि त्यातून सगळ्या ग्राहकांच्या लेजरमधली (खातेवहीतली) क्रेडिट बाकी, म्हणजे ब्रोकरने ग्राहकांना देणं असलेली रक्कम, वजा करा. उत्तर शून्य किंवा त्याहून जास्त हवं.

मी मुलांना बनवलेले आकडे देते. बँकेत ४० लाख, क्लिअरिंगकडे २ कोटी १० लाख, ग्राहकांची क्रेडिट बाकी २ कोटी ५८ लाख. उत्तर येतं उणे ८ लाख. मग विचारते, हे ८ लाख कुठे गेले? वर्गातून लगेच उत्तर येतं, मालकाने खाल्ले. असेलही. पण दुसरी शक्यता मी त्यांना लेजर समोर ठेवून शोधायला लावते. यादीत खाली एका ग्राहकाची डेबिट बाकी, म्हणजे त्याच्याकडून येणं, दिसते, ९ लाखांची. त्याने शेअर घेतले, पैसे भरले नाहीत, आणि पे-इन तर वेळेत करावंच लागतं. मग ते कुणाच्या पैशातून झालं? ज्यांचे पैसे नुसते पडून होते त्यांच्या. कुणीही खिशात काही घातलं नाही, तरी एका ग्राहकाचा पैसा दुसऱ्याच्या उधारीला लागला. हे समजलं की 'मोठा ग्राहक आहे, उद्या भरतो म्हणालाय, आज सौदा घेऊ द्या' या विनवणीकडे मुलगा वेगळ्या नजरेने बघतो. कुणा दुसऱ्याच्या पैशावर ही उधारी उभी राहते, हे त्याने स्वतः मांडून पाहिलेलं असतं. २०२३ पासून तर दिवसअखेर ग्राहकांचा पैसा ब्रोकरने स्वतःकडे न ठेवता क्लिअरिंग कॉर्पोरेशनकडे वर पाठवायचा असा नियम झालाय, त्यामुळे अशा फिरवाफिरवीला जागा खूपच कमी उरली आहे. मला हा अलीकडचा सगळ्यात चांगला बदल वाटतो.

याच बदलांशी जोडलेला एक फोन तुमच्याकडे नेहमी येईल: 'माझे पैसे आपोआप बँकेत परत का आले? खातं बंद केलं का?' ग्राहकाने मासिक निवडलं असेल तर दर महिन्याला, त्रैमासिक निवडलं असेल तर दर तिमाहीला, एक्स्चेंजने ठरवलेल्या पहिल्या शुक्रवार-शनिवारी न वापरलेली शिल्लक परत करावी लागते. काही ऑफिसांत मुलं यावर 'ट्रेडिंग खात्यात पुन्हा भरून टाका ना' असं सांगून मोकळी होतात. तसं करू देऊ नका. पैसे परत येणं ही ग्राहकाच्या हक्काची गोष्ट आहे, चूक नव्हे, हे शांतपणे समजावणं त्यांच्या कामाचा भाग आहे.

मोबाइल नंबर आणि ईमेल बदलायचा अर्ज या विषयाला मात्र एक अख्खा तास द्या. बऱ्याच जणांना तो कारकुनी वाटतो. दिवसभरातल्या सौद्यांचे मेसेज आणि ब्रोकरने कळवलेली शिल्लक एक्स्चेंजकडून थेट ग्राहकाला जाते, ती याच नंबरवर आणि याच ईमेलवर. ज्याला ग्राहकाच्या खात्यात परस्पर सौदे करायचे असतात तो आधी नंबर बदलतो. म्हणून तुमच्या ऑफिसातल्या कुणाचाही, तुमच्या स्वतःचाही, नंबर किंवा ईमेल ग्राहकाच्या खात्याला लागता कामा नये. 'आजींना ईमेल नाही, माझाच टाकतो' हेही नाही. आणि अर्ज आला की जुन्या नंबरवर फोन करून विचारायचं, हे मुलांच्या अंगवळणी पाडा. ज्याने अर्ज घेतला त्याने नव्हे, दुसऱ्याने फोन करायचा.

पासवर्ड, ओटीपी, टीपिन (डिमॅटमधले शेअर द्यायला लागणारा गुप्त आकडा) यांच्या वह्या कुठे असतील तर आजच फाडा. ग्राहक आपण होऊन सांगत असला तरी ऐकायचंच नाही. ऑर्डर घेताना पुरावा हवा: एप्रिल २०१८ पासून फोन रेकॉर्डिंग, सही केलेला कागद, ईमेल किंवा मेसेज यांपैकी काहीतरी ब्रोकरकडे असावं लागतं. चहाच्या टपरीवर 'घे रे शंभर' म्हटलं, ती ऑर्डर नव्हे. नवीन यूपीआय पत्त्यांचीही ओळख करून द्या. ऑक्टोबर २०२५ पासून नोंदणीकृत मध्यस्थांसाठी 'व्हॅलिड' असं लिहिलेले पत्ते आले आहेत, आणि पैसे पाठवण्याआधी खातं खरं आहे का हे 'सेबी चेक' वर बघता येतं. तुमच्या मुलांनी हे प्रत्येक ग्राहकाला एकदा दाखवून द्यावं. आपल्या भागात शेअर मार्केटच्या नावाखाली महिना अमुक टक्के देतो म्हणून लोकांनी कुणाच्या तरी वैयक्तिक खात्यात पैसे भरले आणि ते बुडाले, हे अहिल्यानगर जिल्ह्यातल्या शेवगावकडे २०२४ मध्ये किती कुटुंबांनी भोगलं ते तुम्ही वाचलंच असेल. तुमचा एखादा मुलगा चुकूनही 'मी तुमचं खातं सांभाळतो, महिन्याला एवढे सुटतील' असं बोलला तर त्याला त्या दिवशी कामावरून थांबवून बोला. त्या वाक्यात शिक्षेला पात्र होण्याइतकं सगळं आहे.

शेवटचा धडा कार्वीचा. तो मी मुद्दाम मागे ठेवते, कारण तोवर मुलांना काउंटरवरची प्रामाणिक वागणूक म्हणजेच सगळं असं वाटायला लागलेलं असतं. हैदराबादच्या या मोठ्या ब्रोकरवर सेबीने २२ नोव्हेंबर २०१९ ला अंतरिम आदेश काढला. ग्राहकांचे शेअर त्यांच्या परवानगीशिवाय गहाण टाकून बँका आणि वित्तसंस्थांकडून दोन हजार कोटींहून जास्त कर्ज उचललं गेलं होतं. एप्रिल २०२३ च्या अंतिम आदेशात कंपनीला आणि तिच्या प्रवर्तकाला ७ वर्षं बाजारातून बाहेर काढलं. दरम्यान सप्टेंबर २०२० पासून गहाण टाकायची पद्धतच बदलली. आता शेअर ग्राहकाच्याच डिमॅटमध्ये राहतात आणि गहाण टाकायला त्याचा ओटीपी लागतो. मुलांना मी एवढंच विचारते, की इतक्या हजारो ग्राहकांचे शेअर हलवायच्या एंट्र्या प्रवर्तकाने स्वतः बसून टाकल्या असतील का? कीबोर्डवर कुणाचे तरी हात होते. बहुधा या मुलांसारख्याच कुणाचे, पगारदार, वरून सांगितलं म्हणून करणारे.

म्हणून तुम्हाला एक अवघड गोष्ट सुचवते. या तीन मुलांना तुमच्या ब्रोकरच्या कंप्लायन्स ऑफिसरचा नंबर लेखी द्या आणि त्याखाली लिहा, की ग्राहकाच्या पैशाबाबत मी स्वतः काही चुकीचं सांगितलं तर मला न विचारता इथे फोन करायचा, त्यावरून तुमच्या नोकरीला हात लागणार नाही. खाली सही करा. कागद त्यांच्याकडेच ठेवू द्या आणि एक प्रत मेन ऑफिसला पाठवा.