पहाटेची टेकडी नक्की कुणाला हवी आहे?

ताई, मी २७ वर्षांची. कोथरूडला आई-बाबांबरोबर राहते. कॉलेजात खो-खो खेळायचे. तीन वर्षांपूर्वी सायकोसिसचं, म्हणजे नसलेले आवाज ऐकू येण्याच्या, नसत्या शंका येण्याच्या आजाराचं निदान झालं. त्यावर ओलान्झापिन ही गोळी चालू आहे. आवाज पूर्ण गेले नाहीत, पण पुष्कळ कमी झालेत. वजन मात्र १६ किलोंनी वाढलं. आई रोज साडेपाचला उठवून टेकडीवर नेते. मला उठवत नाही, गेलेच तर मागून येणारे लोक माझ्याचबद्दल बोलतायत असं वाटतं. बाबा म्हणतात, नेटाने व्यायाम कर, गोळ्या सुटतील. मी खरंच आळशी झालेय का? आणि पुन्हा मैदानावर गेले तर चालेल?
– एक खेळाडू

आधी बाबांच्या बोलण्याचं बघू, कारण तुझ्या पत्रात धोक्याचं काही असेल तर ते तेवढंच. व्यायामाने सायकोसिसच्या गोळ्या सुटत नाहीत. आपल्या मनाने बंद केल्या की आजार उलटण्याची शक्यता बरीच वाढते, आणि ते लगेच कळत नाही. सुरुवातीला गुंगी उतरल्याने उलट ताजंतवानं वाटू शकतं आणि घरचेही फसतात. गोळी कमी करायची की नाही हा विषय डॉक्टरांच्या खोलीतला, टेकडीवरचा नाही. बाबांना पुढच्या वेळी तिथे बरोबर ने आणि हाच प्रश्न त्यांनाच विचारू दे.

आता आळशीपणाचं. रात्री ओलान्झापिन घेतलेल्या मुलीला पहाटे साडेपाचला चढ चढायला लावायचं आणि ती जांभया देते म्हणून कुरकुरायचं, हे काही बरोबर नाही. त्या गोळीची गुंगी सकाळपर्यंत रेंगाळते. भूकही तीच वाढवते. शिवाय या आजाराचा एक भाग आवाजांसारखा ठळक नसतो: काही सुरूच करावंसं वाटत नाही, आवडीची गोष्टसुद्धा. बाहेरून बघणाऱ्याला तो आळस वाटतो. औषधं आवाजांवर जेवढी चालतात तेवढी याच्यावर चालत नाहीत, आणि नेमकी इथेच हालचाल कामी येते. औषधं चालू ठेवून आठवड्याला साधारण ९० मिनिटं जरा दम लागेल असा व्यायाम केला, तर लक्षणं कमी होतात असं अभ्यासांत दिसलं आहे. ९० मिनिटं म्हणजे आठवड्यातून तीनदा अर्धा तास. तू दहा मिनिटांपासून सुरू कर. एखाद्या दिवशी चपला घालून नुसतं गेटपर्यंत जाऊन आलीस तरी तो दिवस वाया गेला असं समजू नकोस.

वजनाबद्दल मात्र खोटं आश्वासन देणार नाही. औषधाने चढलेले १६ किलो नुसत्या चालण्याने उतरतील असं नाही. पण काटा हलला नाही तरी हृदयाला आणि साखरेला चालण्याचा फायदा होतो, आणि या औषधांवर असणाऱ्यांना जपायचं असतं ते तेच. रक्तातली साखर, कोलेस्टेरॉल, रक्तदाब आणि कमरेचा घेर शेवटचा कधी तपासला? आठवत नसेल तर डॉक्टरांना विचार. गोळी रात्री थोडी लवकर घेता येईल का, वजन कमी वाढवणारं दुसरं औषध चालेल का, हेही विचार. हे विचारणं म्हणजे कटकट नव्हे.

पहाट सोड. संध्याकाळी ऊन उतरल्यावर निघ. या गोळ्यांवर शरीराला उष्णता नीट झेपत नाही. हात थरथरू नयेत म्हणून दुसरी गोळी चालू असेल तर घामही कमी येतो. म्हणून एप्रिल-मे महिन्यांत पाण्याची बाटली हवीच. बसल्या जागेवरून झटकन उठू नकोस, चक्कर येऊ शकते.

टेकडीची अरुंद पायवाट तुझ्यासाठी सध्या वाईट जागा आहे, कारण तिथे माणसं पाठीशी येतात. समोरून येणारी दिसतील असा सोसायटीतला किंवा जवळचा रुंद, शांत रस्ता घे आणि त्याच त्या फेऱ्या मार. कंटाळवाणं वाटेल, पण ओळखीच्या रस्त्यावर मन कमी बिचकतं. आवाज सुरू झाले तर एका कानात गाणं लाव किंवा आईशी बोलत राहा. कुणी खरंच ‘वजन वाढलं गं’ म्हणेलही. हे पुणं आहे, इथे असलं काही मागून कुजबुजत नाहीत, तोंडावर सांगतात.

आईने बरोबर यावं, पण पहारेकरी म्हणून नको. शेजारी चालावं. तू ‘आज इथूनच मागे’ म्हणालीस की तिने मागे फिरावं, हे आधीच ठरवून घ्या. एक गोष्ट तिला जरूर सांग. कधी तू घरात सारख्या येरझाऱ्या घालायला लागलीस, पायांत वळवळ होऊन बसवेनासं झालं, तर ‘हालचाल वाढली’ म्हणून खूश व्हायचं नाही. तो औषधाचा त्रास असू शकतो, डॉक्टरांना कळवायचं. झोप उडाली किंवा आवाज हुकूम सोडायला लागले, तरी फिरणं राहू दे, आधी त्यांना फोन. अवेळी कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे आणि चोवीस तास चालतो.

बाबांसाठी एक पत्ता: धायरीला स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन आहे. तिथे अशा आजारातल्या माणसांचे नातेवाईक एकमेकांशी बोलतात. आपल्यासारखेच दुसरे बाबा भेटले की माझ्या पत्रापेक्षा लवकर पटेल.

राहिला खो-खो. जा, पण लगेच पळायला उतरू नकोस. त्या खेळात कुणीतरी सतत तुझ्या पाठीवर असतं, आणि सध्या तुला पाठीमागचंच भय वाटतं. पहिले काही दिवस कडेला बस, सराव बघ, जमलं तर वॉर्मअप त्यांच्याबरोबर कर. मग पाठलाग करणाऱ्यांत बस, खो मिळाला की उठून धाव. पाठलाग तू करायचास. पळती बाजू नंतर घेऊ, तुला वाटेल तेव्हा. जुन्या प्रशिक्षकांना आजाराचं नाव सांगायलाच हवं असं नाही. ‘औषधं चालू आहेत, दम लवकर लागतो, मध्येच थांबेन’ एवढं त्यांना पुरे.